शास्त्र, सिद्धांत आणि सारस्वत

पूर्णा हें गांव बहुतेक वाचकांस रेल्वेचें जंक्शन म्हणूनच ठाऊक असावें. मनमाडकडून परभणीवरून येणारी गाडी येथें थांबून नांदेडकडे निघून जाते, आणि एक फांटा हिंगोली-अकोल्याकडे वळतो. परंतु या गांवाच्या आसमंतांत मराठी सारस्वताचीं जीं ठिकाणें आहेत त्यांचा विचार गाडींत बसलेला मनुष्य क्वचितच करतो. एका बाजूस गोदावरीकांठचें गंगाखेड, म्हणजे जनाबाईचें गांव. दुसऱ्या बाजूस, सन १९९९ पर्यंत याच परभणी जिल्ह्यांत असलेलें, नामदेवांचें नरसी. या दोहोंच्या मध्यें राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतील मुलांस जनाबाई व नामदेव हे शाळेच्या पुस्तकांतील एकदोन अभंगांपलीकडे माहीत नसावे, आणि ज्या मराठींत आपल्या धर्माचा उपदेश करावयाचा ती मराठी आली कोठून हेंही त्यांस माहीत नसावें, ही गोष्ट आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं. तिच्याविषयीं आज थोडें स्पष्ट लिहावयाचें आहे.

निमित्त घडलें तें असें. गेल्या नाताळांत येथील एका ख्रिस्ती घरीं प्रार्थनेस शेजारपाजारची मंडळीही आली होती. ईश्वरविज्ञानाचा अभ्यासक्रम नुकताच पुरा करून आलेला एक तरुण उपदेशास उभा राहिला. मुलगा हुशार, मनाचा निर्मळ, आणि बोलण्यांत कळकळ होती. ख्रिस्तानें आमच्या पापांचें प्रायश्चित्त केलें, असें त्यानें दोन-तीन वेळां सांगितलें. उपदेश संपल्यावर शेजारचे एक वृद्ध वारकरी गृहस्थ फार सौम्यपणें म्हणाले, "दादा, राग मानूं नका, पण प्रायश्चित्त ज्याचें त्यानेंच घ्यायचें असतें ना? पाप तुमचें, मग तें दुसऱ्यानें घेऊन कसें चालेल?" तरुण गोंधळला. मग त्यानें इंग्रजी टिपणांतून पाठ केलेली व्याख्या मराठी शब्दांत उभी केली. ती व्याख्या अशुद्ध नव्हती. पण तिच्यांत त्या गृहस्थांच्या प्रश्नाचें उत्तर नव्हतें. त्यांनीं मान हलविली, चहा घेतला, आणि विषय बदलला.

त्या तरुणास आम्ही दोष देत नाहीं. तो ज्या विद्यालयांत शिकला त्याचें नांवही घेण्याचें कारण नाहीं, कारण दोष एका विद्यालयाचा नसून एका पद्धतीचा आहे. या पद्धतींत पवित्र शास्त्र एका तासाला, सिद्धांत दुसऱ्या तासाला, आणि वाङ्मय कोणत्याच तासाला नाहीं, अशी व्यवस्था असते. 'प्रायश्चित्त' हा शब्द मराठी ख्रिस्ती मंडळीनें धर्मशास्त्रांतून उचलला. तेथें त्याचा अर्थ, पाप करणाऱ्यानें स्वतः आचरावयाचें शुद्धिकर्म, असा आहे. आणि येथें तोच शब्द, दुसऱ्या कोणीं आपल्यासाठीं केलेल्या कृत्यास लावलेला आहे. म्हणजे शब्द एक आणि दिशा उलट. ज्यानें धर्मशास्त्राचें एक पानही पाहिलेलें नाहीं त्यास ही उलट दिशा दिसणार कशी? आणि ती दिसली नाहीं तर शेजाऱ्यास अडचण कोठें पडते हें कळणार कसें?

उलटपक्षीं, त्या तरुणानें महीपतींचा 'भक्तविजय' वाचला असता, तर उत्तराचें एक टोक त्यास तेथेंच सांपडलें असतें. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत बादशाही कोठारें भुकेल्यांस लुटविलीं, आणि त्या धान्याची किंमत विठ्ठलानें विठू महाराच्या रूपानें बेदरास जाऊन भरली, ही कथा मराठवाड्यांतील प्रत्येक आजीस ठाऊक आहे. सेवकाचें ऋण स्वामीनें, तेंही हलक्या समजल्या गेलेल्या मनुष्याच्या रूपानें, फेडावें ही कल्पना त्या वृद्ध वारकऱ्यास मुळींच परकी नव्हती. परकें होतें तें फक्त बोलणें. अर्थात् कथा सांगून काम भागत नाहीं. दामाजीचें ऋण द्रव्याचें होतें, आणि तें त्यानें स्वतःसाठीं केलेलें नव्हतें. शुभवर्तमान ज्या ऋणाबद्दल बोलतें तें पापाचें आहे, आणि तें पूर्णपणें आमचें आहे. विठ्ठलानें मोहरा भरल्या. ख्रिस्तानें प्राण दिला. साम्य कोठवर व भेद कोठून, हें सांगणें ईश्वरविज्ञानाचें काम आहे. परंतु भेद दाखविण्यासाठीं आधीं साम्याच्या जागीं जाऊन उभें राहावें लागतें. त्या जागेचा रस्ता आपल्या शिक्षणानें बंद केला आहे, हीच आमची तक्रार.

तीन गोष्टी एकत्र वाचाव्या असें आम्ही म्हणतों तेव्हां तिहींची खिचडी करावी असा आमचा अर्थ नव्हे. शास्त्र काय सांगतें तें शास्त्रांतच पाहावें. मंडळीनें शतकानुशतकें त्याचा अर्थ कसा लावला आणि मर्यादा कोठें घातल्या तें सिद्धांतांत पाहावें. आणि मनुष्याचें हृदय व त्याची भाषा यांची ओळख अभिजात वाङ्मयांत करून घ्यावी. यांपैकीं एकटें शास्त्र वाचणारा वचनें पाठ करतो, पण तीं कोणास उद्देशून बोलावीं हें त्यास कळत नाहीं. एकटा सिद्धांत शिकणारा दुसऱ्याच्या भाषेंतील भांडणें आपल्या गांवांत आणून भांडतो. आणि एकटें वाङ्मय वाचणाऱ्याच्या हातीं शेवटीं अलंकार तेवढे उरतात. तिघे एकमेकांस ताळ्यावर ठेवतात, म्हणून ते एकत्र हवेत.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप आमच्याच मंडळींतून येतो. कोणी म्हणतील, "ज्ञानेश्वरी आणि गाथा वाचून मुलें अर्धवट हिंदू होतील, देववचन पुरें आहे, बाकीच्याची गरज काय?" हा आक्षेप नवा नाहीं. इसवी सनाच्या दोनशेच्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियननें, अथेन्सचा व यरुशलेमाचा संबंध काय, अशा अर्थाचा प्रश्न टाकला होता. गंमत ही कीं, तो प्रश्न त्यानें ज्या तेजस्वी लॅटिन वक्तृत्वांत विचारला तें वक्तृत्व तो कांहीं यरुशलेमांत शिकला नव्हता. शास्त्रच काय सांगतें तें आक्षेपकांनीं पाहावें. मोशे मिसऱ्यांच्या सर्व विद्येंत तरबेज झाला होता, असें प्रेषितांच्या कृत्यांच्या सातव्या अध्यायांत म्हटलें आहे. दानीएल व त्याचे सोबती खास्द्यांची विद्या व भाषा शिकले. राजाच्या पक्वान्नांस त्यांनीं नकार दिला, ग्रंथांस दिला नाहीं. आणि पौल अथेन्सच्या अरीयपगावर उभा राहिला तेव्हां त्यानें ग्रीक कवींच्याच शब्दांचा आधार घेतला. ज्यानें तो कवि वाचलाच नव्हता त्यास तो आधार सुचला असता काय?

येथें इतिहासांतील एक प्रसंग आक्षेपकांपुढें मुद्दाम ठेवतों. सन ३६२ त रोमचा सम्राट जूलियन यानें ख्रिस्ती शिक्षकांस अभिजात ग्रंथ शिकविण्याची बंदी केली. त्याचें म्हणणें असें कीं, ज्यांचा होमरच्या देवांवर विश्वास नाहीं त्यांनीं होमर शिकवूं नये. त्यांनीं आपल्या मंडळ्यांत जावें आणि मत्तय व लूक यांचें विवरण करावें. हा सम्राट ख्रिस्ती धर्म सोडून गेलेला होता आणि त्या धर्माचा ऱ्हास व्हावा ही त्याची उघड इच्छा होती. ख्रिस्ती लोकांस दुबळें कसें करावें हें त्यास चांगलें कळत होतें: त्यांस त्यांच्याच पुस्तकांत कोंडावें, म्हणजे सुशिक्षित जगाशीं बोलण्याची त्यांची भाषा आपोआप जाईल. नाझियान्झसच्या ग्रेगरीनें या हुकुमाविरुद्ध मोठ्या संतापानें लिहिलें. त्याचा मित्र बेसिल यानें तरुणांस ग्रीक वाङ्मय कसें वाचावें, काय घ्यावें आणि काय सोडावें, यावर एक स्वतंत्र व्याख्यानच लिहून ठेवलें. आतां आमच्या शुद्धिवादी बंधूंस नम्रपणें विचारतों: जूलियननें जो हुकूम शत्रुत्वानें काढला, तोच तुम्ही भक्तीनें कां पाळतां?

जेरोमची गोष्टही पुष्कळदां आमच्या तोंडावर फेंकण्यांत येते. तूं ख्रिस्ती नसून सिसेरोचा अनुयायी आहेस, असा ठपका न्यायासनासमोर आपणांवर आल्याचें स्वप्न त्यास पडलें, हें खरें. पण त्याच जेरोमनें पुढें हिब्रू शिकून पवित्र शास्त्र लॅटिनमध्यें आणलें, आणि हें भाषांतर हजार वर्षांवर पश्चिम युरोपचें शास्त्र होऊन राहिलें. सिसेरोच्या शाळेंत घडलेला हात नसता तर तें झालें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. ऑगस्टिननें हा वाद एका दृष्टांतानें मिटविला: इस्राएल लोक मिसरांतून निघतांना मिसऱ्यांचें सोनें घेऊन निघाले, तें सोनें देवाच्या कामीं लागलें. मात्र त्याच सोन्याचें पुढें वासरूंही झालें, हें आम्ही विसरत नाहीं. सोन्याचा निवासमंडप करावा कीं वासरूं करावें, हें ठरविण्यासाठींच तर सिद्धांताची गरज आहे.

परक्या देशांचे दाखले पुरे झाले. आपल्या मराठींतच याहून बलवत्तर पुरावा आहे. इंग्लंडच्या विल्टशायरमध्यें जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स सन १५७९ त गोव्यास आले, आणि सन १६१६ त त्यांचें 'ख्रिस्तपुराण' छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. पहिल्या पुराणांत जुन्या कराराची कथा, दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र. तो कां लिहिला याचें कारण ग्रंथांतच आलें आहे: साष्टींतील नवख्रिस्ती लोक म्हणूं लागले कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरें पुराण कां देत नाहीं? हा प्रश्न भुकेचा होता. सत्ता ग्रंथ काढून घेऊं शकली. ओवी ऐकण्याची लागलेली संवय काढून घेऊं शकली नाहीं. स्टीफन्सनें ती भूक ओळखली, ओवी शिकली, वैकुंठासारखे शब्द घेतले, आणि त्यांत नवा अर्थ भरला. त्या काळच्या पाद्र्यांनीं भाषा शिकण्यासाठीं रामायण-महाभारताच्या कथा रोमन लिपींत उतरवून घेतल्या होत्या, आणि तीं हस्तलिखितें पोर्तुगालमध्यें ब्रागा येथील ग्रंथालयांत आजही आहेत. म्हणजे जो पक्ष बाहेर पुराणें जप्त करीत होता, तोच आंत बसून तीं वाचीत होता. पुढें सन १६८४ त पोर्तुगीज सरकारनें देशी भाषाच मोडून काढण्याचा हुकूम केला. त्यानंतर गोव्यांतून दुसरा स्टीफन्स निघाला नाहीं. बंदीनें श्रद्धा शुद्ध होते असें मानणाऱ्यांनीं या दोन तारखांमधील अंतर मोजावें: अडुसष्ट वर्षांत एक मोठी परंपरा उगवली आणि उपटली गेली.

कोणी म्हणतील, "पंडिता रमाबाईंचें काय? त्यांनीं तर आपल्या भाषांतरांतून संस्कृत दर्शनांचे शब्द वेंचून काढले, मग तुमची बाजू कोठें राहिली?" हा प्रश्न योग्य आहे. रमाबाईंनीं केडगांवीं बसून हिब्रू व ग्रीकवरून सर्व पवित्र शास्त्र मराठींत उतरविलें. सन १९२२ त त्या वारल्या, आणि सन १९२४ त तें संपूर्ण प्रसिद्ध झालें. वेदांताच्या वासाचे शब्द त्यांनीं टाळले, अगदीं साध्या बाईस समजेल अशी भाषा पत्करली, हें खरें आहे. पण टाळणारी कोण होती? जिला भागवत मुखोद्गत होतें, जिला कलकत्त्याच्या पंडितांनीं सन १८७८ त 'सरस्वती' ही पदवी दिली, तीच ही बाई. कोणता शब्द कोणत्या अर्थाचें ओझें घेऊन येतो हें तिला माहीत होतें, म्हणून तिला तो खालीं ठेवतां आला. आमचे आजचे तरुण तो शब्द टाळीत नाहींत, आणि जाणून वापरीतही नाहींत. टाकण्यासाठींसुद्धां ओळख लागते. रमाबाईंचा निर्णय कोणास पटो वा न पटो, त्यामागची विद्वत्ता ही आमच्याच बाजूची साक्षीदार आहे. काशीच्या नीलकंठशास्त्री गोऱ्यांचेंही तसेंच. सन १८४८ त बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या झाले, आणि सन १८६० त त्यांनीं 'षड्दर्शन-दर्पण' लिहून साही दर्शनांचें खंडन केलें. खंडन पटणें न पटणें निराळें. पण तें वाचून केलेलें खंडन होतें.

आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक? आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों असें ते सांगत. सन १८९५ त त्यांचा बाप्तिस्मा झाला. अहमदनगरास त्यांनीं ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांस शिकविलें. आणि अभंग-ओवीच्या चालीवर त्यांनीं जीं भजनें रचलीं तीं आज मराठवाड्याच्या लहानशा मंडळींतही गाइलीं जातात. ज्या मंडळीच्या तोंडीं टिळकांचीं पदें आहेत तिनें तुकोबांची गाथा घरांत नको म्हणावें, याहून मोठी विसंगति कोणती? पूल वापरावयाचा आणि पुलाच्या पलीकडे कांहींच नव्हतें असें म्हणावयाचें, हा कृतघ्नपणा आहे. टिळकांचें अपुरें 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. त्यांचें शालेय शिक्षण नव्हतें. पण घरांत ओवी होती, कथा होती, शास्त्र होतें, आणि तिहींवर रोज बोलणारें माणूस होतें. आम्ही जें मागतों तें याहून फारसें निराळें नाहीं.

दुसरा आक्षेप याहून फार गंभीर आहे, आणि तो पूर्णेसारख्या गांवांत, जेथें आंबेडकरी विचार घरोघरीं मुरलेला आहे, अधिक जोरानें ऐकूं येतो. तो असा: "मराठवाड्यांतील बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांच्या पूर्वजांस ज्या ग्रंथांनीं गांवाबाहेर ठेवलें, तेच ग्रंथ आतां त्यांच्या नातवंडांस अभिजात म्हणून वाचावयास लावतां काय?" या आक्षेपास आम्ही पहिल्याप्रमाणें उडवून लावूं शकत नाहीं, आणि लावूं इच्छीतही नाहीं. त्यांत एक जुनी जखम बोलत आहे.

परंतु उत्तर आहे, आणि तें दुहेरी आहे. एक तर अभिजात म्हणजे ब्राह्मणांचें, हें समीकरण कोणीं ठरविलें? जनाबाई दासी होती. चोखामेळा महार होता. आणि त्याचा मुलगा कर्ममेळा यानें देवासच जाब विचारणारे अभंग लिहिले. हें सारस्वत अभिजात नाहीं तर कोणतें अभिजात? डॉ. आंबेडकरांनीं सन १९४८ त अस्पृश्यांच्या मूळाविषयींचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा या तिघां संतांस अर्पण केला, हें आक्षेपकांनीं आठवावें. ज्योतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले, पण त्यांनीं आपले 'अखंड' लिहिले ते अभंगाच्याच घाटांत. दुसरें असें कीं, ज्या ग्रंथांनीं अन्याय केला तेही वाचल्यावांचून त्यांचा न्याय होत नाहीं. मनुस्मृतीवर अभियोग चालविणाऱ्यानें ती वाचली होती, आणि ती कसून वाचली होती. आमच्या मुलांनीं संदेष्टा आमोस वाचावा, दरिद्र्यास जोड्याच्या किंमतीस विकणाऱ्यांवर त्यानें ओढलेले कोरडे पाहावे, आणि मग कर्ममेळ्याचा अभंग वाचावा. दोघांत शतकांचें व देशांचें अंतर आहे. पण एक देवाच्या वतीनें मनुष्यांस विचारतो आणि दुसरा मनुष्याच्या वतीनें देवास विचारतो, हा भेद ज्या दिवशीं एखाद्या मुलास आपण होऊन दिसेल त्या दिवशीं त्यास शास्त्रही कळूं लागेल आणि आपले पूर्वजही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. वेळ नाहीं, परीक्षा इंग्रजींत, पदवी बाहेरची, शिकविणारे मिळत नाहींत. यावर आम्ही एकच गोष्ट दाखवितों. आज देशांतील अनेक प्रॉटेस्टंट विद्यालयांच्या पदव्या ज्या सेरामपूरच्या सनदेखालीं दिल्या जातात, तें सेरामपूर कॉलेज सन १८१८ त निघालें तेव्हां त्याच्या जाहीरनाम्यांत, ख्रिस्ती व इतर देशी तरुणांस पौर्वात्य वाङ्मय व युरोपीय शास्त्रें शिकविणें, हाच हेतु लिहिलेला होता. त्याचे संस्थापक विल्यम केरी हे फोर्ट विल्यम कॉलेजांत मराठी शिकवीत. सन १८०५ त त्यांनीं मराठी व्याकरण छापलें, सन १८१० त कोश, आणि सन १८११ त नवा करार, तोही वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें. म्हणजे ही पद्धति कोणी नवी काढीत नाहीं. सनद तीच आहे. तिच्यांतील अर्धें कलम मात्र आपण गहाळ केलें आहे. आणि इंग्रजीची सबब तर फारच लंगडी. निकोल मॅकनिकल यांनीं सन १९१९ त मराठी संतांचे अभंग इंग्रजींत नेले. जस्टिन ॲबट यांनीं सन १९२६ पासून एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास यांची मालाच इंग्रजी वाचकांस दिली. लंडनच्या संग्रहांतील ख्रिस्तपुराणाची देवनागरी पोथीही सन १९२३ त त्यांनींच उजेडांत आणली. परदेशांतून आलेल्या पाद्र्यांस जें वाचण्यास वेळ सांपडला तें घरच्या माणसांस वाचण्यास वेळ नाहीं, हें ऐकून हंसावें कीं रडावें?

आतां आमच्या हिंदू वाचकांसही दोन शब्द सुनावले पाहिजेत, नाहींतर हें लिहिणें एकांगी होईल. मराठी भाषेच्या स्तुतीच्या स्टीफन्सच्या ओव्या शाळेंत पाठ करवून घेतल्या जातात, भाषादिनास व्यासपीठावरून म्हटल्याही जातात. पण त्या ओव्या ज्या ग्रंथाच्या दारांत उभ्या आहेत त्या ग्रंथांत काय आहे हें म्हणणाऱ्यांपैकीं किती जण पाहतात? दारावरच्या तोरणाची प्रशंसा करून परत फिरणें, याला घर पाहणें म्हणत नाहींत. सन २०२० च्या जानेवारींत उस्मानाबाद येथें, म्हणजे आतांच्या धाराशिवास, त्र्याण्णवावें अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलें, तेव्हां फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले. ज्यांच्या 'सुबोध बायबल'ला सन २०१३ चें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें होतें, त्यांच्या निवडीस, ते पाद्री आहेत एवढ्याच कारणावरून, कित्येकांनीं विरोध केला. दोन्ही बाजूंचा रोग एकच आहे. एक म्हणतो तुमचे संत आम्हांस नकोत, दुसरा म्हणतो तुमचें शास्त्र मराठी नव्हे. आणि दोघेही बोलतात त्याच मराठींत, जी दोघांनीं मिळून घडविली आहे.

मग करावयाचें काय? आमची सूचना लहान आहे. ईश्वरविज्ञानाच्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्यास निदान एक वर्ष असें मिळावें कीं ज्यांत शास्त्रांतील एक पुस्तक, एक सिद्धांत आणि एक अभिजात मराठी वा संस्कृत ग्रंथ हे एकाच शिक्षकापाशीं, एकाच तासांत, शेजारीं शेजारीं ठेवून वाचले जातील. ईयोबाचें पुस्तक हरिश्चंद्राख्यानाबरोबर वाचावें. दोघांची परीक्षा होते, दोघांचें सर्वस्व जातें. पण हरिश्चंद्र वचनास धरून सर्व सोसतो, आणि ईयोब देवाकडे हिशेब मागतो. देवाकडे हिशेब मागणें हें पाप कां नव्हे, हा प्रश्न येथें उभा राहतो, आणि तो सिद्धांताच्या कोणत्याही टिपणांहून विद्यार्थ्यास अधिक शिकवील. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ ज्ञानेश्वरीच्या मंगलाचरणाबरोबर वाचावा. शब्दब्रह्माची कल्पना ओळखावी, आणि मग त्या शब्दानें एकदांच व खरोखर मनुष्यदेह घेतला असें योहान म्हणतो तेव्हां तो काय निराळें सांगतो तें पाहावें. गीतेच्या चवथ्या अध्यायांतील अवतार युगायुगांत होतो; हा देहधारणाचा सिद्धांत एका काळाला व एका स्थळाला बांधलेला आहे. जो दोन्ही वाचील तोच 'अवतार' हा शब्द कोठें वापरावा व कोठें आवरावा हें जाणेल.

आणि विद्यालयें हें करीपर्यंत घरांनीं थांबण्याचें कारण नाहीं. निजामी राजवटींत, सन १९४८ पर्यंत, या जिल्ह्यांत वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती; त्या काळांत मराठी टिकली ती घरांत, भजनांत आणि कीर्तनांत. सरकारी शाळेनें जें दिलें नाहीं तें ओसरीनें दिलें. शब्बाथशाळेंतून परत आल्यावर संध्याकाळीं अर्धा तास शास्त्राचें एक पान, त्याचा मंडळीनें लावलेला अर्थ, आणि जनाबाईचा एक अभंग किंवा ख्रिस्तपुराणाचा एक अवस्वर, एवढें कोणत्याही कुटुंबास झेंपण्यासारखें आहे. यांत मुलांची श्रद्धा जाईल अशी ज्यांस भीति वाटते त्यांस आम्ही विचारतों: शेजाऱ्याच्या एका साध्या प्रश्नासमोर जी मुकी होते ती श्रद्धा तुम्हीं सांभाळली आहे, कीं केवळ झांकून ठेवली आहे?

ते वृद्ध गृहस्थ अद्यापि आमच्या शेजारींच राहतात, आणि पुढच्या नाताळास ते येतीलच. त्यांचा प्रश्न त्यांनीं वादासाठीं विचारला नव्हता. त्यांस खरोखर जाणून घ्यावयाचें होतें. त्या वेळीं त्यांच्याच भाषेंत, त्यांच्याच दामाजीपासून आरंभ करून, जेथें दामाजीची कथा संपते तेथून पुढें नेणारें उत्तर देईल असा एक तरी मुलगा किंवा मुलगी आमच्या घरांत तयार असावी, एवढीच आमची मागणी आहे.